शत्रूची शोकधून

नगरपालिकेचा निरोप आला आणि बँडमास्तरांच्या घरात ठिणगी पडली. नदीवरच्या लढाईला यंदा शंभर वर्षं होत होती. दरवर्षी चौकातल्या स्मारकापाशी बँड विजयाची धून वाजवी आणि लोक पलीकडच्या देशाच्या नावाने बोटं मोडीत. यंदा मात्र तिकडच्या सैनिकांची नातवंडं येणार होती, आणि त्यांच्या मृतांसाठी त्यांची शोकधून वाजवायची होती. ट्रम्पेटवर ती वाजवणार होती बँडमास्तरांचीच लेक!

"माझ्या आजोबांचा हात त्या लढाईत गेला," बँडमास्तर गरजले. "ती धून वाजवलीस तर या घरात पाय ठेवायचा नाही!"

"बाबा, मेलेल्यांशी कसलं भांडण?"

"तू मला शिकवू नकोस! गद्दार कुठली!"

बायको मध्ये पडली, तर तिच्यावरही ते खेकसले. मग घरात भांड्यांचाच काय तो आवाज राहिला.

संध्याकाळी बँडमधले सर्वांत जुने ड्रमवाले काका समजूत घालायला आले.

"गोळी झाडणारा कधीच मेला रे. येणार आहेत त्याची नातवंडं. त्यांना शिव्या घालून तुझ्या आजोबांना हात फुटणार आहे का?"

"मग काय, आजोबांना विसरू?"

"विसर कोण म्हणतंय? पण आठवण ठेवणं वेगळं आणि डूख धरणं वेगळं."

बँडमास्तर उसळून उत्तर देणार, तोच आतल्या खोलीतून लेकीचा सराव ऐकू आला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "अगं, तिथे श्वास घेऊ नकोस! सूर तुटतोय!"

काका खो खो हसले. "शत्रूची धून बिघडली तर तुझं काय जातंय?"

बँडमास्तर चिडले आणि काकांना चहासुद्धा न विचारता आत निघून गेले. शोकधून सुरू झाली की सगळ्यांसमोर पाठ फिरवून उभं राहायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

समारंभाच्या दिवशी विजयाची धून दणक्यात झाली. मग लेक एकटी पुढे आली. बँडमास्तरांनी पाठ फिरवली. पहिले सूर निघाले आणि गर्दीतून शिट्ट्या सुरू झाल्या.

"गद्दार! घरी जा!"

"हिला गावातून हाकला!"

बँडमास्तर चपापले. हे तर त्यांचेच शब्द! घरात त्यांनी लेकीला जे सुनावलं, तेच आता चौकातली माणसं सुनावत होती. कुणीतरी बाटली भिरकावली. ती लेकीच्या खांद्याला लागली आणि धून थांबली. समोर पाहुण्यांमधली एक म्हातारी मान खाली घालून उभी होती.

अरेरे! आपणच पेटवलेली आग आपल्याच पोरीच्या अंगावर आली! बँडमास्तर वळले, लेकीच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि आपला ट्रम्पेट ओठांना लावला. काकांनी ड्रमवर हलकेच ठेका धरला. शिट्ट्या थांबल्या नाहीत, पण धून पूर्ण झाली.

व्यासपीठावरून खाली उतरताना चुलतभावाने वाट अडवली. "आजोबांना काय तोंड दाखवशील रे?"

"सांगेन त्यांना," बँडमास्तर म्हणाले, "तुमची लढाई तुम्ही लढलात. ती मी माझ्या लेकीच्या गळ्यात बांधणार नाही."

चुलतभाऊ पचकन थुंकला आणि निघून गेला.

बंधुभगिनींनो, आपल्या वीरांची आठवण आपण जरूर ठेवावी. पण त्यांचं वैर मुलांच्या हाती देऊ नये. ते शत्रूपर्यंत पोचत नाही, आधी आपलंच घर जाळतं!