‘येते’ म्हणायचं नाही

पिल्लं न्यायला आलेली माणसं पिल्लं घेऊन गेली आणि मागच्या पिंजऱ्यातला तो थोराड तांबूस कुत्रा तसाच राहिला. एक कान फाटलेला, तोंडाशी पांढरा झालेला. शिवणकाम करणारी मावशी त्याच्यासमोर उकिडवी बसली, तसा त्याने माणसासारखा उसासा टाकला.

“हाच द्या,” ती म्हणाली. “आम्ही एका वयाचे दिसतोय.”

कुत्र्यांचा तो निवारा सांभाळणारी बाई हसली नाही. “एकच पथ्य, मावशी. ह्याच्यासमोर ‘येते’ म्हणायचं नाही. मालक ह्याला फाटकाशी बांधून ‘येतो हं’ म्हणाला, तो गेलाच. तो शब्द ऐकला की हा भिंतीकडे तोंड करून पडतो. अन्नाला शिवत नाही.”

मावशीला ह्यात नवल वाटलं नाही. तिचा लेकही दारातून ‘येतो गं आई’ म्हणूनच परगावी गेला होता. येतो म्हणजे त्याचा फोन येतो, तोही आला तर.

कुत्र्याचं नाव तिने पाहुणा ठेवलं. राहिला तर राहिला.

ती इस्पितळाच्या शिवणखात्यात होती. उसवलेल्या चादरींना टीप मारायची, रुग्णांच्या झग्यांना नाड्या लावायच्या. पहिल्या सकाळी कुलूप हातात घेतलं आणि जन्माची सवय ओठावर आली. तिने जीभ चावली.

“जाते रे, पाहुण्या.”

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी थबकल्या. “अहो, जाते काय म्हणता? सकाळी सकाळी?”

“त्याला चालतं.”

“त्याला चालेल हो. ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होतं, त्याचं काय?”

सुरुवातीला तो दिवसभर दाराला नाक लावून बसायचा. पण ती जाते म्हणायची आणि यायची. जाते म्हणायची, उन्हं कलली की यायची, बोटांना दोऱ्याचा वास, पिशवीत त्याच्यासाठी पाव. मग ‘जाते’ ऐकलं की तो शेपूट एकदा जमिनीवर आपटून डोळे मिटू लागला. त्या घरात शब्दांनी आपापली जागा बदलली होती. जाते म्हणजे येणं. आणि येते म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं.

अशात लेकाचा फोन आला. “आई, आता इकडेच ये. कायमची. हिचे दिवस भरत आलेत.”

“आई हवीय की बाई?”

“काहीतरीच काय बोलतेस. आणि ते कुत्रं नको हं. तान्हं मूल असणार घरात.”

“तो चावत नाही.”

“आई…” एवढंच म्हणाला तो. लहानपणी खेळण्यासाठी अडून बसायचा, तसं.

ज्या हाकेसाठी ती इतकी वर्षं कान लावून बसली होती, ती हाक आली ती अशी. तिला राग आला. आणि रागाच्या तळाशी लाज वाटावी इतका आनंद झाला.

तिने वहिनींना विचारून पाहिलं. “ठेवला असता हो,” वहिनी म्हणाल्या, “पण आमच्या ह्यांना शिंका येतात.” शिवणखात्यात विचारलं. सगळ्यांनी मान हलवली, हात कुणी पुढे केला नाही.

शेवटी ती त्याला परत घेऊन गेली, तेव्हा निवाऱ्यातल्या बाईने तिला एका शब्दाने टोचलं नाही. “तोच पिंजरा रिकामा आहे,” म्हणाली. “त्याला सवय आहे.”

पाहुणा आत जाऊन बसला. बसला तो मावशीकडे बघत, कान टवकारून. त्याला तो एक शब्द हवा होता. ‘जाते’ म्हटलं असतं तर तो शेपूट आपटून निवांत झोपला असता. मग उन्हं कलली की फाटकाकडे डोळे लावून बसला असता. उद्याही. परवाही. तिने सोडून दिल्यावर कितीतरी दिवस.

मावशीने जाळीतून हात घालून त्याचा फाटका कान कुरवाळला.

“येते,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग उठला, वळला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

“मावशी,” बाईचा आवाज चढला, “सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“हो,” मावशी म्हणाली. “म्हणूनच.”