धरलेली जागा

हे सगळं अण्णांमुळे झालं. अण्णा म्हणजे माझा बाप, मानसिंग. घरातल्या गोष्टी चारचौघांत मांडू नयेत, त्यातून बाप आजारी असताना तर नाहीच, असं आमच्या विट्यातली वडीलधारी माणसं मला सांगतात; पण हीच माणसं पाच वर्षं आमच्या घरी येऊन, चहा पिऊन, अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडावर हसत-हसत खोटं बोलत होती, तेव्हा त्यांनी तरी मला शिकवू नये.

म्हातारा म्हणजे माझे आजोबा, आबा. तरुणपणी ते कोईमतूरला सोन्याच्या गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायच्या, दुकानात राबले, पुढे स्वतःचं दुकान टाकलं, आणि त्या पैशातून गावात थिएटर बांधलं. नाव श्रीरंग चित्रमंदिर. माझ्या आजीचं नाव रंगूबाई होतं, त्यामुळे हा श्रीरंग कुठला, हे सगळ्या गावाला कळत होतं आणि आजी त्यावरून जन्मभर लाजत होती. आबांना पक्षाघाताचा झटका आला तो २०१९च्या दिवाळीत. पाच महिन्यांनी लॉकडाऊन लागला, थिएटर बंद झालं ते झालंच. अण्णांनी ते परत उघडलं नाही आणि बंद केल्याचं आबांना सांगितलंही नाही. धक्का सोसायचा नाही म्हणे. खरं म्हणजे आबांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायची अण्णांची हिंमत कधीच नव्हती, त्या भित्रेपणाला त्यांनी मायेचं नाव दिलं. घर थिएटरपासून चार गल्ल्या लांब. आधी पडद्यावरची मारामारी आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायची. आबांनी विचारलं, "आवाज कसा येत न्हाई रं?" तर अण्णा म्हणाले, "आता डिजिटल झालंय आबा, आवाज भाईर येत न्हाई." आणि शेजारी बसलेल्या चार शहाण्यांनी माना डोलावल्या.

मी तेव्हा इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सोडून सांगलीहून परत आलो होतो. ते का, हे इथे सांगायची गरज नाही. घरात माझं नाव 'वाया गेलेला' पडलं आणि वाया गेलेल्याला जी कामं देतात ती मला मिळाली. रोज दुपारी बाराला थिएटरचं कुलूप उघडायचं, कोणी पत्रा किंवा वायर चोरली नाही ना ते बघायचं, आणि घरी येऊन आबांना आकडा सांगायचा. "आज किती पब्लिक हुतं?" ते विचारायचे. मी म्हणायचो, "हाऊसफुल्ल, आबा." पाच वर्षं. म्हणजे अण्णांना नावं ठेवायचा माझाही हक्क थोडा कमीच आहे, पण मी ठेवतो.

श्रीरंगची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं काही कळणार नाही. तिथल्या खुर्च्यांना नंबर नव्हते. तिकीट काढायचं, आत पळत जायचं आणि हव्या त्या खुर्चीवर रुमाल टाकायचा. रुमाल, टॉवेल, टोपी, काहीही. एकदा ते पडलं की जागा धरली. दिवाळीत आणि मे महिन्यात गलाईवाली माणसं मद्रास-कलकत्त्याकडून गावी यायची तेव्हा घरातलं एखादं पोरगं आठ-दहा रुमाल खांद्यावर टाकून आधी पुढे पळायचं. धरलेल्या जागेवर बसायचं नाही, हा आबांचा कायदा होता आणि तो फौजदारालाही लागू होता. एका वर्षी एका बाईने दिराची जागा धरली. दीर कलकत्त्याहून निघाला होता, तो गाडीतच वारला. हे कोणालाच माहीत नव्हतं. सिनेमाभर ती खुर्ची रिकामी राहिली, बाहेर माणसं उभी असताना. खेळ सुटल्यावर आबांनी तो रुमाल स्वतः उचलला, घडी घातली आणि तिच्या घरी नेऊन दिला. कोणी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "मानूस येवो न येवो, जागा त्याचीच."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अण्णांनी श्रीरंग विकलं. तिथे दुकानांचं कॉम्प्लेक्स व्हायचं होतं. त्याच आठवड्यात, मी आकडा सांगायला गेलो तेव्हा आबांनी माझं मनगट धरलं. त्यांचा उजवा हात पाच वर्षं हलत नव्हता, डावा मात्र पक्कडीसारखा होता.

"आरं अमृता, खरं सांग. चालू हाय न्हवं?"

आता सांगावं, असं मला वाटलं. दारात अण्णा उभे होते. मी म्हणालो, "चालू हाय की आबा. हाऊसफुल्ल."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग उशाखालून एक रुमाल काढला. पांढरा, निळ्या काठाचा, कोपऱ्यात लाल दोऱ्याने 'कृ' काढलेला. आबांचं नाव कृष्णात. तो 'कृ' आजीने काढलेला होता. "मंग माजी जागा धर," ते म्हणाले. "वर बाल्कनीत, पयल्या रांगंत, रंगूच्या शेजारची. मी येतो."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पारव्यांच्या विष्ठेचा आंबूस वास, पडद्याला पडलेली उभी फट, खुर्च्यांवर बोटभर धूळ. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत आजीची खुर्ची डाव्या टोकाला. तिच्यावर एक लहानसा, बायकी रुमाल पसरलेला होता. आजीला जाऊन चौदा वर्षं झाली. कोणीतरी विसरून गेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि शेजारच्या खुर्चीवर आबांचा रुमाल टाकला. खाली उतरताना माझ्या ध्यानात आलं की खुर्चीवर धूळ होती आणि रुमालावर नव्हती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ रुमाल होते.

मी देव मानत नाही, भूत मानत नाही, माणसांनाही फारसं मानत नाही. कोणीतरी चावट माणूस मागच्या खिडकीतून येत असेल म्हणून मी खिडक्या तपासल्या. त्यांना आतून गंजके अडसर होते आणि अडसरांवर कोळिष्टकं. कुलपाची किल्ली एकच, ती माझ्या खिशात. तिसऱ्या दिवशी साठएक झाले. चेक्सचे, खादीचे, फौजी हिरवे, एक शाळेतला मफलर, दोन गांधी टोप्या, आणि एक पंचा, ज्याला गलाईच्या ॲसिडने चाळणीसारखी भोकं पडली होती. त्यातला एक तरी उचलून बघावा म्हणून मी हात पुढे केला. हात गेला नाही. मला भीती वाटली असं नाही. लहानपणापासून कानावर पडलेलं होतं, धरलेल्या जागेला हात लावायचा नाही.

मग मी आबांना खरे आकडे सांगू लागलो.

"आज किती?"

"साठ."

"साठच?" आबा म्हणाले आणि गालात हसले. "येतील. लांबनं यायचं असतं मानसांनी."

अण्णांनी मला ओसरीत गाठलं. "हाऊसफुल्ल म्हणायला काय जातंय रं तुजं? जाता-जाता म्हाताऱ्याला साठ आन् सत्तर ऐकवतोयस?"

"मोजलंय मी," मी म्हणालो.

"काय मोजलंयस? पारवं?"

पाच वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कोणीतरी खरं बोलत होतं आणि त्यालाच खोटं म्हणत होते. दीडशे, अडीचशे, साडेतीनशे. श्रीरंगच्या खुर्च्या चारशे बारा. थिएटर पाडायच्या आदल्या दिवशी मी दाराशी उभा राहून पाहिलं; खालून वरपर्यंत एकही खुर्ची मोकळी नव्हती. मी घरी आलो, आबांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "हाऊसफुल्ल."

आबांनी डोळे मिटले. "झालं तर मग," एवढंच म्हणाले.

सकाळी पाडायला माणसं आली. त्यांचा मुकादम केरू, वडूजकडचा. आधी खुर्च्या काढायच्या होत्या, त्या भंगारवाल्याला दिल्या होत्या. दहा मिनिटांत केरू बाहेर आला आणि त्याच्यामागे त्याची सगळी माणसं.

"आण्णा, जागा धरल्यात की," तो म्हणाला.

"काय?"

"रुमाल हाईत समद्या खुर्च्यांवर. मानसं येऊंद्यात, बसूंद्यात, उठूंद्यात. मंग काढतो."

"आरं, थेटर बंद हाय पाच वर्सं! कोण येतंय?"

"ते मला काय म्हाईत," केरू म्हणाला. "ज्यानं टाकलं त्याला इचारा."

अण्णा आत गेले. बाहेर आले ते माझ्याच अंगावर. "तूच! घरात बसून हेच धंदं सुचत्यात तुला. शिक्शान न्हाई, काम न्हाई, आन् बापाचं हसं करतोस!" मी नाही म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. सिमेंटचं रिकामं पोतं घेतलं आणि एकेक रुमाल उचलून त्यात कोंबायला लागले. केरूची माणसं दारात उभी होती, डोक्यावरची मुंडाशी हातात घेऊन. मीही उभा होतो. अण्णांना अडवायला पाहिजे होतं. मी अडवलं नाही, कारण त्यांची फजिती होताना मला बरं वाटत होतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा वाटत होतं.

दोन तास लागले. पाच पोती भरली. बाल्कनीतली पहिली रांग शेवटी राहिली. तिथे पोहोचेपर्यंत अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी आजीचा रुमाल उचलला, पोत्यात टाकला. मग आबांचा उचलला. तो 'कृ' त्यांनी पाहिला असेल, नसेल. त्याने त्यांनी तोंड पुसलं, मान पुसली आणि थकून त्याच खुर्चीवर बसले.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. बहिणीचा, पूजाचा. तिला नीट बोलता येत नव्हतं. "दादा, आबा उठून बसले होते. आपले आपण. दाराकडे बघून म्हणाले, 'कोन बसलं रं माज्या जागंवर?' मी म्हटलं, कोण नाही आबा. मग ते…"

मी वर पाहिलं. अण्णा अजून बसलेलेच होते, फाटक्या पडद्याकडे बघत.

पोती त्यांनी थिएटरच्या मागे स्वतः पेटवली, आबांना स्मशानात नेण्याआधी. तेवढी घाई होती त्यांना.

आबांना नेताना अण्णा बसले नाहीत, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. थोरला मुलगा उभाच असतो. दहाव्याला भटजींनी पाट मांडला आणि म्हणाले, बसा. अण्णा पाटाकडे बघत उभे राहिले. "कुनीतरी धरलाय," ते हळूच म्हणाले. पाटावर काही नव्हतं. चुलत्यांनी दुःखाने झालं असेल असं ठरवलं. मी नाटक आहे असं ठरवलं. मग घरातला सोफा, जेवायची खुर्ची, ओसरीतला झोपाळा, न्हाव्याकडचं बाकडं. सगळं धरलेलं. मिरजेला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून एसटीत बसवायला गेलो. अर्धी गाडी मोकळी होती. अण्णा विट्यापासून मिरजेपर्यंत दांड्याला धरून उभे, आणि कंडक्टर मला म्हणतो, "काय राव, म्हाताऱ्या बापाला जागा तरी द्या."

डॉक्टरांनी अपराधाची भावना वगैरे सांगितलं, गोळ्या दिल्या. तिथल्या खुर्चीवर मी अण्णांना खांदे दाबून बसवायचा प्रयत्न केला. ते पिंजऱ्यात पकडल्यासारखे ओरडले. "आरं, मानूस बसलंय खाली!" आणि मग त्या रिकाम्या खुर्चीकडे वळून, हात जोडून, "माफ करा."

रात्री भिंतीला टेकून डोळा लागतो. कोसळले की आम्ही उचलून अंथरुणावर ठेवतो. जाग आली की दुसऱ्याच्या अंथरुणात सापडल्यासारखे धडपडत उठतात. श्रीरंगच्या जागी आता तीन मजले उभे राहिलेत. तळमजल्याच्या उद्घाटनाला अण्णांना बोलावलं होतं, स्टेजवर मधली खुर्ची होती. सगळी भाषणं त्यांनी खुर्चीमागे उभं राहून ऐकली. लोक म्हणाले, किती नम्र माणूस.

मला एकच सुचलं. रोज सकाळी ओसरीतल्या खुर्चीवर मी त्यांचाच रुमाल टाकतो. त्यांचा, तपकिरी चेक्सचा, रोजच्या वापरातला. मुलानेच बापाची जागा धरली तर ती त्यांची होईल, एवढाच हिशेब. मग चहा आणायला आत जातो आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणतो. ते वाकून बघतात, मान हलवतात.

"ह्यो माजा न्हवं," म्हणतात.

पहिले काही दिवस मी त्यांच्यावर चिडलो. मग एकदा मीही वाकून पाहिलं. खुर्चीवरचा रुमाल पांढरा होता, निळ्या काठाचा.

अकरा महिने झाले. अण्णांचे पाय मांडीपर्यंत सुजलेत, डाव्या टाचेची जखम भरत नाही. माझा बाप अजून बसलेला नाही.