उघडी कार्डं

पहिलं कार्ड आलं तेव्हा सुभद्राने ते मुकाट्याने चुलीत घातलं. पाचव्यानंतर मात्र तिला घराबाहेर तोंड दाखवणं नको झालं. पाकीट असतं तर झाकली मूठ राहिली असती. पण कोण मेला तो, नाव न घालता मुद्दाम उघडं पोस्टकार्ड धाडायचा, म्हणजे गिरगावातल्या त्या चाळीत टपालवाल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत ज्याला अक्षरओळख आहे त्याने ते वाचावं. १८९४ साल होतं. परळच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या बायांच्या वाटेला मुकादम कसे जातात, हे तिने 'एक भगिनी' या नावाने तात्यांच्या साप्ताहिकात लिहिलं, एवढाच तिचा गुन्हा. कार्डांत तिला बाजारबसवी म्हटलेलं असे. ती नळावर गेली की बोलत्या बायका गप्प होत.

नवरा तिची समजूत घाली. लोकांचं तोंड कोण धरणार, तूच लिहिणं सोड, म्हणे. त्याच्या मायेने तिला रडू येई.

सहावं कार्ड शुक्रवारी दुपारी आलं. 'मुकादमाला घरी बहीण नाही काय, असं विचारतेस? तुला नवरा आहे, त्याची तरी लाज धर.'

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. मुकादमाच्या बहिणीबद्दलचं ते वाक्य कुठे छापलंच नव्हतं. तात्यांकडेही गेलं नव्हतं. कच्च्या लिखाणात होतं, ते रविवारी तिने एकट्या नवऱ्याला वाचून दाखवलं, आणि मग गयावया केल्यासारखं वाटतं म्हणून गाळून कागद फाडून टाकला होता.

अक्षर त्याचं नव्हतं. कचेरीत कुणाकडून लिहवून घेतलं असेल. घरात राहिले तर मी हे गिळून टाकीन, एवढीच तिला भीती वाटली. पदर सारखा करून ती एकटीच तात्यांच्या छापखान्यात गेली.

असली कार्डं धाडणाऱ्याचं नाव कळलं तर ठळक छापू, असं तात्यांनी मागच्याच अंकात लिहिलं होतं. तिने कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं.

"कळलं का नाव?" तात्यांनी विचारलं.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ते नाव तिने फक्त उखाण्यात घेतलेलं, चार बायकांत, लाजत. एरवी 'इकडून' नि 'तिकडून'. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने शिकवलेलं. छपाईचे खिळे जुळवणारे कामगार हात थांबवून तिच्याकडे बघत होते.

"चिंतामणी," ती म्हणाली. "आमचे यजमान."

तात्यांनी टाक खाली ठेवला. घरी जाऊन शांतपणे विचार करा, म्हणाले.

"लिहून घ्या," सुभद्रा म्हणाली, आणि त्याचं नाव बापाच्या नावासकट तिने पुन्हा एकदा, सावकाश घेतलं.