कुरोमोरीवरचा विंचू

“सर, हा फोटो काढताना तुम्ही तोंड कुठं करून उभे होता?”

मिसाओने विचारलं, तेव्हा गावच्या सभागृहातल्या टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या. पहिल्या बक्षिसाची लाल फीत लावलेला फोटो भिंतीवर टाचलेला. खाली काळाकभिन्न कुरोमोरी डोंगर, वर आकाशगंगा आणि तिच्यात विंचवाचा, म्हणजे वृश्चिक राशीचा, तांबडा तारा, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. बाजूला नाव: अनाझावा, निवृत्त मुख्याध्यापक.

“कुठं म्हणजे? डोंगराकडे.” सर हसले. “मावशी, डोंगराचा फोटो डोंगराकडे पाठ करून काढत नसतात.”

लोक हसले. मिसाओही हसली. आज तिला घाई नव्हती.

तीस वर्षं तिने याच माणसाच्या शाळेत दोनशे पोरांचं जेवण रांधलं होतं. मोठ्या पातेल्यात पळी एका लयीत फिरवायची, थांबायचं नाही, धावायचं नाही. म्हणून अकरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर आकाशाचे फोटो काढायचा नाद लागला, तेव्हा ताऱ्यांमागे फिरणारं ते लहानसं यंत्र तिला लगेच उमगलं. त्याचा आस ध्रुवाला धरला की आकाश सरकेल तसा कॅमेराही सरकतो आणि तारे मोहरीच्या दाण्यासारखे नेटके उमटतात. जमीन मात्र फरफटते. ती यंत्र थांबवून वेगळी टिपायची आणि मग कॉम्प्युटरवर दोन्ही एकजीव करायची. हे शेवटचं जोडकाम काही तिच्या बोटांत बसत नव्हतं.

“कार्ड द्या, मी जोडून देतो,” गेल्या साली सर म्हणाले होते. जोडलं, पण स्वतःच्या फोटोत. सहा रात्री हिमात बसून तिने उत्तरेचं आकाश धरलं होतं. ते सरांनी आपल्या सज्ज्यातून दिसणाऱ्या कुरोमोरीवर चढवलं आणि बक्षीस घेतलं. आयत्या बिळावर नागोबा! गावाच्या कॅलेंडरवर तोच फोटो छापला गेला. टोफूवाल्याकडे तोच, दातांच्या डॉक्टरकडे तोच. ती जाब विचारायला गेली, तर सर दारातूनच म्हणाले, “मावशी, आकाशावर कुणाचं नाव असतं का?”

वर्षभर तिने ते वाक्य लोणच्यासारखं मुरवलं.

यंदा एप्रिलात तिने आपण होऊन कार्ड नेऊन दिलं. “मला मेलीला काही जमत नाही बघा, सर.” तिला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. हा माणूस रात्री गरम रजईतून पाय काढत नाही. आणि याच्यापाशी जमीन एकच आहे, सज्ज्यातला कुरोमोरी.

“डोंगराकडे, म्हणजे उत्तरेला,” मिसाओ आता म्हणाली.

“उत्तरेलाच की!” शेजारीण किनुए मागून म्हणाली. “तिकडचाच वारा येतो मेला. माझी धुणी वाळत नाहीत, लाकडं होतात त्यांची.”

“मग विंचू तिथं कसा चढला गं, किनुए?”

सगळ्या माना भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या. इथल्या बायाबापड्यांनी जन्मभर विंचू पाहिला होता तो दक्षिणेला, भाताच्या खाचरांवरून रांगताना. शहरातून आलेल्या परीक्षक सेनोबाईंना मात्र डोंगराची दिशा कोण सांगणार? त्या झटकन फोटोजवळ गेल्या. स्पर्धेचा नियम दारावरच लावला होता: जोडकाम चालेल, पण आकाश आणि जमीन एकाच रात्रीची, एकाच जागेची, एकाच दिशेची हवी, आणि दोन्ही स्वतःची.

“अनाझावा सर, मूळ फोटो दाखवता?”

“ते... घरी आहेत. म्हणजे, जोडताना थोडी गल्लत...”

“हे आकाश कुणाचं आहे?”

सर मान खाली घालून काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं बोला, सर,” मिसाओ म्हणाली. “मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

सरांच्याच या वाक्यावर गावातली अर्धी माणसं शिकून मोठी झाली होती. मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांचे कान लालबुंद झाले.

“आकाश तेशिरोगी मिसाओ यांचं आहे.”

फीत काढली गेली. सेनोबाई हळूच मिसाओजवळ आल्या. “इतकं स्वच्छ आकाश मी या वर्षी पाहिलं नाही. त्या रात्रीची तुमची जमीन असेल तर आणा. मी आयोजकांशी बोलते.”

“नाही.”

“एकही फोटो नाही?”

“जमीन काढलीच नाही.” तशी रात्र अकरा वर्षांत एकदाच लाभली होती, आणि त्या रात्री तिच्या डोक्यात समोरची खाचरं नव्हती, हा माणूस होता.

मग ती भिंतीशी गेली. टाचण्या उपटल्या. उद्घाटनाची कात्री अजून टेबलावरच होती. ती घेऊन तिने फोटो डोंगराच्या कडेकडेने कापत नेला, सावकाश, एकही तारा न दुखावता. खालचा काळा तुकडा तिने दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, रीतीप्रमाणे सरांपुढे धरला.

“घ्या, सर. हा तुमचा.”

सरांनी तो घेतला.

घरी येऊन तिने आपलं आकाश स्वयंपाकघरात लावलं. वरची कड सरळ होती. खाली मात्र, जिथं तिची खाचरं हवी होती, तिथं कुरोमोरीच्या आकाराची खाच पडली होती, आणि तिच्यातून भिंत दिसत होती.