पत्र्याखाली गेलेली गाय

दुपारी तीनला रविनाने दगूबाईच्या गाईला थर्मामीटर लावलं आणि आकडा बघून तिच्या तोंडून शिवीच बाहेर पडली. एकशे सात. गाय भिंतीला रेलून पडली होती, जीभ बाहेर, लाळेची तार पार कोब्यापर्यंत. वरचा पत्रा असा तापला होता की नुसतं उभं राहिलं तरी टाळू भाजत होती.

"सकायपासून उठी नही ऱ्हायनी," दगूबाई म्हणाली.

दोघींनी ड्रमातलं पाणी ओतलं, गोणपाटं भिजवून अंगावर टाकली. शेजारचा उखा धावत आला. गाईला सावलीत ओढावं, तर सावलीच नव्हती. अंगणातला निंब फेब्रुवारीत तोडला होता. त्याची सावली गोठ्यावरच्या सोलर प्लेटवर पडते, असं गोठा बांधून देणाऱ्या संस्थेच्या इंजिनिअरचं म्हणणं होतं. म्हसावदच्या डॉक्टरांकडे पंधरा गावं. ते पोचेपर्यंत गाय गेली. सात महिन्यांची गाभण होती. डॉक्टरांनी तपासलं आणि कागदावर एकच शब्द लिहिला, उष्माघात.

रविना गावची पशुसखी, गुरांचं औषधपाणी बघणारी. संस्थेने तिला शिकवलं, मोबाइल दिला, आणि 'हवामानपूरक गोठा' गावोगाव करायचा म्हणून कामाला लावलं. पाचटाचं छप्पर आणि कापसाच्या पळाट्यांचे कूड पाडायचे, तीन बाजूंनी विटा चढवायच्या, वर पत्रा. गावात अकरा घरं तिनेच पटवली होती. दगूबाई सगळ्यांत शेवटी तयार झाली. "वारा कोठून येई?" तिने विचारलं होतं. रविनाने प्रशिक्षणातलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

आता गाईच्या डोक्याशी बसलेल्या म्हातारीने मान वर केली.

"मी तुन्हं आयकं, रविना. तू कोनं आयकं?"

रविनाला तिच्यासमोर उभं राहवेना. राग आधी स्वतःचाच आला. मग आठवलं, एप्रिलपासून आपण गुरांच्या तापाचे आकडे संस्थेला पाठवत होतो. एकशे तीन, एकशे चार, दूध निम्म्यावर. दर वेळी उत्तर यायचं, नोंद घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी हेमराज आला. संस्थेचा तालुक्याचा माणूस, राहायला लोणखेड्याला. दगूबाईच्या दारात गाडीसुद्धा थांबवली नाही, थेट रविनाच्या ओट्यावर येऊन बसला.

"वाईट झालं. बरं, गुरुवारी पुण्याहून पाहणीला येतायत. मोबाइलमध्ये मृत्यूचं कारण विषबाधा टाक. कोवळी ज्वारी खाल्ली म्हणून."

"मे महिन्यात कोवळी ज्वारी? दगूमावशीच्या वावरात हिरवी काडी नाही."

"दुसऱ्याच्या बांधावर चरली असेल."

"खुंट्याला बांधलेली होती. तुमच्या कोब्यावर."

"रविनाताई, उष्माघात लिहिलं तर प्रकल्प बंद पडेल. तुझंही काम जाईल."

म्हणजे म्हातारीनेच आपल्या हाताने गाईला विष चारलं, असं लिहायचं. रविनाची शिकलेली मराठी तिथेच गळून पडली.

"तू बस ना पत्राखाले! भर दुपारले, एक घंटा! मंग सांग मले, विष कोठे शे ते!"

आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. हेमराज उठला, "मीच भरतो," म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

त्याच संध्याकाळी रविनाने उखाला बरोबर घेतलं, पाना घेतला आणि घरोघर गेली. "मी चुकले, पत्रा काढा," एवढंच बोलत होती. कुणी टोचून बोललं, ते तिने ऐकून घेतलं. कमलीबाईने साफ नाही म्हटलं. पावसाळ्यात गळत नाही, हे तिला बरं वाटत होतं. तिच्यासकट तीन घरांनी हात लावू दिला नाही. सात घरांचे पत्रे उतरले. दगूबाईच्या दारात मात्र ती गेली नाही.

गुरुवारी पाहुणे आले तेव्हा गुरं नाल्याकाठच्या चिंचांखाली रवंथ करत होती आणि पत्रे उकिरड्याशी रचलेले होते. "दुरुस्ती चालू आहे," हेमराज म्हणाला. रविना पुढे झाली. पाहणीच्या बाईंच्या हातात तिने एप्रिलपासूनच्या आकड्यांची वही आणि डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स दिली. बाईंनी गॉगल कपाळावर सरकवून दोन पानं वाचली.

"याची नोंद घेऊ," त्या म्हणाल्या आणि थंड गाडीत जाऊन बसल्या.

रविनाने काचेवर थाप मारली. काच खाली झाली नाही.

आठ दिवसांत तिचं काम काढून घेतलं, मोबाइलही नेला. संस्थेच्या नोंदीत विषबाधा ती विषबाधाच राहिली. रविनाने शहाद्याहून स्वतःचं थर्मामीटर आणलं आणि पूर्वीसारखीच गोठे फिरू लागली. राग उतरला नव्हता. उतरू द्यायचाही नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती गल्लीतून जात असताना दगूबाईने हाक मारली. ओट्यापुढे कालवड उभी होती, नाक कोरडं, खाणं सोडलेलं.

"पाही घे तिले," दगूबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. "पन मले काही सांगू नको."

रविनाने पिशवीतून थर्मामीटर काढलं आणि कालवडीच्या अंगावर हात ठेवला.