वादळ बांधणारी धूळ

लाँड्रीवालीच्या दुकानासमोर सकाळपासून झुंबड उडाली होती. जो तो पांढरी चादर भाड्याने मागत होता. वादळबांधे बाबांचा आदेशच तसा होता: भक्ताने गच्चीवर ओली पांढरी चादर पसरायची, सकाळी तिच्यावर तांबूस भस्म उमटतं. ज्यांनी चादर पसरली नाही, त्यांच्या गच्चीवर काहीच दिसत नसे. गावाला एवढा पुरावा पुरला.

"हे भस्म म्हणजे माझी दोरी!" बाबा गर्जत. "वादळाचे पाय बांधलेत मी! मोसम सुरू झाला, आलं एक तरी?"

आलं नव्हतं खरं. लाँड्रीवालीचा धंदा तेजीत होता, पण जिवाला घोर होता. दरवर्षी या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत. यंदा तिचा नवरा खुशाल खोल समुद्रात जात होता.

"अगं, बाबांनी अभय दिलंय," तो म्हणे.

शेवटी तिने शाळेत शिकवणाऱ्या नणंदेला गाठलं. "वन्सं, तुम्ही तरी समजवा ह्यांना."

"तो माझं ऐकायचा नाही, स्वतःच्या डोळ्यांचं ऐकेल. एक चादर दे मला."

नणंदबाईंनी भर बाजारात बाबांना ढोंगी म्हटलं आणि चार लोकांसमोर आपल्या गच्चीवर चादर पसरली.

"हिच्याकडे कणसुद्धा पडणार नाही!" बाबा कडाडले.

सकाळी तीही चादर तांबूस झाली होती.

"पाहा माझी करुणा! हिलाही माफ केलं," बाबांनी लगेच सावरून घेतलं. दोघंतिघं फिसकन हसले.

"समुद्रापलीकडच्या वाळवंटातली धूळ आहे ही," बाई म्हणाल्या. "वारा ती उंच उचलून इथवर आणतो. पडते सगळ्यांकडेच, पण पांढऱ्या चादरीवर दिसते, डांबर फासलेल्या गच्चीवर दिसत नाही. तिच्यासोबत कोरडी हवा येते. ती ढगांना वाढू देत नाही, म्हणून वादळं दबतात. उपग्रहाच्या छायाचित्रात धुळीचा पट्टा सरत आलाय. तो गेला की वादळांना रान मोकळं."

पुढे आभाळ निळंभोर झालं. चादरी कोऱ्या करकरीत राहिल्या.

"भस्म गुप्त झालंय," बाबा म्हणाले. "वादळ बांधलेलंच आहे. जा बिनधास्त!"

नवऱ्याने जाळं उचललं. लाँड्रीवाली आडवी आली.

"बाबा, आज तुम्हीही बसा ह्यांच्या होडीत. म्हणजे मला काळजी नाही."

"मला बोट लागते."

"लिंबू देते."

"गुडघे धरलेत."

"आम्ही उचलून ठेवतो की!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

तेवढ्यात बाबांनी धूम ठोकली. धरलेल्या गुडघ्यांच्या मानाने वेग झकास होता. नवरा त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने जाळं खाली ठेवलं.

"आता बघत काय बसलात? दोर धरा!" ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या होड्या वर आल्या.

मग वादळ आलं, धक्क्याच्या फळ्या उखडून गेलं. नवरा तेव्हा घरात चादरींच्या घड्या घालत होता, त्याही चुकीच्या. तिला इतका आनंद झाला होता की ती एकदाही ओरडली नाही.

तुम्हालाही कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एक करा. तोच चमत्कार न मानणाऱ्याच्या गच्चीवरही घडतो का, ते स्वतः जाऊन बघा.