बेरीज नऊ

"विज्ञान जिथं हात टेकतं, तिथून आम्ही सुरू होतो!" राजापेठेतल्या खुशालरावांच्या ऑनलाइन अर्ज केंद्रात नेट सुधारायला बोलावलेल्या सिद्धनेट महाराजांनी गर्जना केली, आणि पुढच्याच पावलाला केबलीत पाय अडकून ते झेरॉक्स मशीनवर आदळले. गर्दीने टाळ्या वाजवल्या. महाराज पडले तरी भक्तांना त्यात काहीतरी दिसतंच.

नगमाने कपाळाला हात लावला. केंद्राचं नेटवर्क तिच्याकडे होतं. तीन दिवस नेट मधूनच अडत होतं. पाच पानं भरभर, सहावं गार. तिने वायरी बदलल्या, डिस्क रिकामी केली, सगळ्यांची पानं मागवून देणारा प्रॉक्सी सर्व्हर चारदा बंद-चालू केला. ती समोर बसली की नेट सुतासारखं सरळ. पाठ वळली की रुसलंच. आणि शेजारी अर्ज भरायला आलेली वर्षाली ताटकळत होती. तिच्या नर्सिंगच्या अर्जाची मुदत पाचला संपत होती. चार वाजून गेले होते.

"डोळे मिटा! माउसले हात नोका लावू!" महाराजांनी मंत्र पुटपुटून कॉलेजचं पहिलं पान उघडलं. झटक्यात आलं!

"पायलं?" खुशालराव नगमाला म्हणाले. "तुले तीन दिवसांत नाई जमलं."

"काका, सकाळपासून शंभर जनायनं हेच पान उघडलं. प्रॉक्सी त्याची नक्कल आपल्या कपाटात ठेवते. महाराजायनं कपाटातलं काढून दाखवलं. आता वर्षालीचा अर्ज पाठवा म्हना त्यायले. तो कपाटात नाई."

महाराजांनी बटण दाबलं. चक्र फिरू लागलं. मंत्र संपला, चक्र संपेना.

"पोरीच्या मनात शंका हाये." महाराजांनी वर्षालीकडे बोट दाखवलं.

"माह्या मनात पाच वाजून राह्यले, महाराज!" वर्षाली रडकुंडीला आली.

नगमा चिडून सर्व्हरच्या नोंदी चाळू लागली. अडलेली प्रत्येक मागणी एकाच जागी अडली होती: साइटचा पत्ता विचारताना. पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांच्या यादीत सगळ्यात वर एक अनोळखी आकडा होता.

"काका, हा कोनं टाकला?"

"म्याच. शनिवारी पूजेच्या वक्ती. महाराज म्हने, बेरीज नऊ येते, भरभराट होईन."

"पासवर्ड कुठून भेटला?"

"तूच तर भिंतीवर लिहून ठेवला."

नगमाने भिंतीवरचा पासवर्ड खोडला. मग म्हणाली, "या आकड्यावर कोनीच राहत नाई, काका. प्रॉक्सी तिथं जाऊन दार वाजवते, वाट पाहते, मग कंटाळून दुसऱ्याले विचारते. मिळालेला पत्ता थोडा वेळ ध्यानात राहते, तवर नेट पळते. विसरली की पुन्हा त्याच दारात!"

तिने ती ओळ पुसली. चार बावन्नला वर्षालीचा अर्ज गेला, पोचही आली. पोरीने प्रिंट छातीशी धरली.

"आकडा शुभ हाये का, हे नोका विचारू," नगमा सगळ्यांना म्हणाली. "तिथून उत्तर येते का, ते पाहा. मानसायचंही तसंच करा."

महाराज मुकाट्याने रांगेत येऊन उभे राहिले. नंबर आल्यावर खाली वाकून हळूच म्हणाले,

"बेटी, नेट चालू हाये तवर मले बडनेऱ्याहून धामणगावचं, आजच्याच गाडीचं, एक तिकीट काढून देतं काय?"